बिनतारी वेस

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात, ब्रिस्बेनच्या उत्तरेला, मारुची नावाचा परगणा होता. २००० सालच्या सुरुवातीला तिथली सांडपाण्याची यंत्रणा विचित्र वागू लागली. पंप चालायला हवेत तेव्हा बंद पडत, धोक्याचे इशारे यायला हवेत तेव्हा येत नसत, नियंत्रण कक्षाचा पंपिंग स्टेशनांशी संपर्क मधूनच तुटे. १४२ पंपिंग स्टेशनं रेडिओनं जोडलेली होती आणि यंत्रणा नवी होती, त्यामुळे सगळे बिघाडच शोधत राहिले. सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, उपकरणं तपासली. बिघाड सापडेना, कारण तो नव्हताच. कुणीतरी रेडिओवरून अस्सल वाटतील असे हुकूम पाठवत होतं. तोवर सुमारे ८ लाख लिटर मैला बागांत, ओढ्यांत आणि एका मोठ्या हॉटेलच्या आवारात वाहून गेला होता.

२३ एप्रिल २००० रोजी पोलिसांनी व्हिटेक बोडेन नावाच्या माणसाची गाडी अडवली. गाडीत लॅपटॉप होता, रेडिओ संच होता आणि पंपिंग स्टेशनांवर वापरतात तसलाच एक नियंत्रक होता. ही यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत तो पूर्वी कामाला होता. ती नोकरी सोडल्यावर त्यानं परगण्याकडे काम मागितलं होतं आणि ते त्याला मिळालं नव्हतं. २००१ साली त्याला दोन वर्षांची कैद झाली.

औद्योगिक सुरक्षेच्या अभ्यासात हा प्रसंग आजही शिकवतात, आणि तो शिकवायलाच हवा. बोडेननं कुठलंही कुलूप फोडलं नाही. रेडिओ त्याचं ऐकत होता, कारण समोरचा कोण आहे हे विचारायची सोयच त्या रेडिओत नव्हती. आणि यंत्रणा कशी बोलते हे त्याला ठाऊक होतं, कारण ती उभी करणाऱ्यांत तो होता. मारुचीत वाय-फाय नव्हतं, वेगळ्या जातीचे रेडिओ होते. पण आज चाकणच्या किंवा वाळूजच्या शेडमध्ये छताला जो ॲक्सेस पॉइंट टांगला जातो, त्याच्यापुढे हेच दोन प्रश्न उभे असतात. हा कुणाचं ऐकणार? आणि बसवणारे निघून गेल्यावर त्याच्या किल्ल्या कुणाकडे राहणार?

या प्रकरणात मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. ॲक्सेस पॉइंट बसवणं आणि तो सुरक्षित करणं ही दोन कामं नाहीत. आधी चालू करू, सिक्युरिटीचं मग बघू, असं म्हणणाऱ्यानं सिक्युरिटीचे निम्मे निर्णय तोवर घेऊन टाकलेले असतात, आणि बहुधा चुकीचे.

आधी हे यंत्र पाहू. घरातल्या राउटरपेक्षा औद्योगिक ॲक्सेस पॉइंट वेगळा असतो तो मुख्यतः अंगानं. तो पॅनेलमधल्या २४ व्होल्ट डीसीवर किंवा थेट नेटवर्क केबलमधून येणाऱ्या विजेवर चालतो. अनेक मॉडेल उणे ४० ते अधिक ७५ अंश सेल्सिअसपर्यंत काम करतात, त्यांना पंखा नसतो, आणि आयपी-६७ दर्जाचा डबा असेल तर त्यात धूळ जात नाही, एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत थेंब जात नाही. कंपनानं सुटू नयेत म्हणून केबलची टोकं आट्यांची असतात. रंगकामाच्या खोलीत किंवा सॉल्व्हेंटच्या गोदामात, जिथे स्फोटक वाफ असू शकते, तिथे त्या जागेसाठी प्रमाणित केलेलंच उपकरण लावावं लागतं. इथे काटकसर करणारा माणूस पैसे वाचवत नसतो, माणसं धोक्यात घालत असतो.

तारच का नको, हा प्रश्न रास्त आहे आणि तो प्रत्येक ठिकाणी आधी विचारावा. जागचं हलत नाही त्या यंत्राला केबलच द्यावी. वायरलेस लागतं ते हलणाऱ्या गोष्टींना: ओव्हरहेड क्रेन, माल वाहून नेणाऱ्या चालकरहित गाड्या म्हणजे एजीव्ही, फोर्कलिफ्टवरचे टॅब्लेट, गोदामातले हातातले स्कॅनर. क्रेनच्या ड्रॅग चेनमधली केबल दर पाळीत शेकडो वेळा वाकते आणि कधीतरी तुटते. तिथे रेडिओला पर्याय नाही.

आता हवेकडे वळू. कारखान्यातली हवा घरातल्यासारखी नसते. पत्र्याचं छप्पर, लोखंडी खांब, रॅक, प्रेस, तेलाची पिंपं. लोखंडावरून लहरी परावर्तित होतात आणि एकच संदेश वेगवेगळ्या वाटांनी, किंचित मागेपुढे, पोचतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते. त्यामुळे एका जागी उत्तम सिग्नल आणि वीतभर सरकलं की अंधार, असं सहज होतं. २००९ च्या ८०२.११एन मानकापासून एकाहून अधिक ॲन्टेना वापरून या परावर्तनांचाच फायदा करून घेता येतो. म्हणून औद्योगिक उपकरणाला दोन-तीन ॲन्टेनांच्या जागा असतील तर त्या सगळ्या भराव्यात. एकच लावून बाकीच्या टोकांना टोपी घालून ठेवलेली दिसते, ते योग्य नाही.

शॉपफ्लोअरवर सिग्नल तुटला की पहिला आरोप वेल्डिंगवर किंवा मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, म्हणजे व्हीएफडीवर येतो. त्यांचा विद्युत गोंगाट खराच असतो, पण तो बहुतांशी वाय-फायच्या पट्ट्याच्या फार खाली असतो. त्याचा त्रास होतो तो वीजपुरवठ्यातून आणि नीट अर्थिंग न केलेल्या केबलमधून. हवेतला खरा दोषी बहुधा दुसरं वाय-फायच असतं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच, आणि त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच बसतात: १, ६ आणि ११. त्यात ब्लूटूथही आलं, कॅन्टीनचा मायक्रोवेव्हही आला. म्हणून यंत्रांची वाहतूक ५ गिगाहर्ट्झवर न्यावी. भारतात २०१८ च्या अधिसूचनेनं ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवान्याशिवाय खुले झाले. मात्र मधल्या काही चॅनेलवर रडारही असतात. रडार ऐकू आला तर ॲक्सेस पॉइंटला चॅनेल सोडावा लागतो आणि तसल्याच दुसऱ्या चॅनेलवर जाताना निदान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. ऑफिसमध्ये मिनिटभर वाय-फाय गेलं तर लोक चहाला जातात. वीस टनांचा साचा लटकवलेल्या क्रेनला तेवढा वेळ नसतो. क्रेन आणि एजीव्ही यांना ३६ ते ४८ हे चॅनेल द्यावेत, तिथे रडारची अडचण नाही.

साइट सर्व्हे रिकाम्या शेडमध्ये करून उपयोग नाही. माल भरल्यावर, फोर्कलिफ्ट फिरत असताना, प्रेस चालू असताना करावा. मोजायचं असतं ते डेसिबल-मिलिवॅटमध्ये. उणे ६७ हा आकडा चांगल्या आखणीची खालची रेघ म्हणून सर्रास धरतात. म्हणजे एका मिलिवॅटचा पन्नास लाखावा हिस्सा. एवढ्याशा शक्तीवर आपण टनावारी लोखंड हलवत असतो, हे लक्षात ठेवलं की काळजीनं मोजायची सवय लागते.

पॉवर पूर्ण वाढवून ठेवणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. ॲक्सेस पॉइंट मोठ्यानं बोलला तरी हातातला स्कॅनर तेवढ्या मोठ्यानं उत्तर देऊ शकत नाही. स्क्रीनवर सिग्नल भरलेला दिसतो आणि डेटा अडकतो. शिवाय तो आवाज कंपाउंडच्या पलीकडे, रस्त्यावर, शेजारच्या प्लॉटवर जातो. मध्यम पॉवरचे जास्त ॲक्सेस पॉइंट आणि भिंतीकडे पाठ करून आत तोंड केलेले एकदिशी ॲन्टेना, ही मांडणी दोन्ही अंगांनी बरी. पण पॉवर कमी केली म्हणजे कुलूप लागलं असं समजू नये. मोठा ॲन्टेना घेऊन बसलेल्या माणसाला क्षीण सिग्नलही ऐकू येतो.

एप्रिल २०१८ मध्ये हेगला रासायनिक अस्त्रबंदी संघटनेच्या इमारतीशेजारी एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत वाय-फायमध्ये घुसायचं साहित्य आणि ॲन्टेना सापडला. डच अधिकाऱ्यांनी रशियन लष्करी गुप्तहेर खात्याच्या चौघांना देशाबाहेर काढलं. त्यांना निदान पार्किंगपर्यंत यावं लागलं. २०२२ साली त्याच खात्याशी जोडल्या जाणाऱ्या गटानं अमेरिकेतल्या एका संस्थेत शिरताना तेवढीही तसदी घेतली नाही. व्होलेक्सिटी या कंपनीनं ही हकिकत २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. हल्लेखोरांनी दुरूनच, इंटरनेटवरून, जवळच्या दुसऱ्या संस्थेचं नेटवर्क फोडलं, तिथे तारेनं जोडलेला पण वाय-फायही असलेला एक संगणक शोधला आणि त्याच्या रेडिओतून हव्या त्या संस्थेच्या वाय-फायला जोडून घेतलं. इंटरनेटवरून येणाऱ्याला या लक्ष्य संस्थेत दुसरा पडताळा द्यावा लागत होता, वाय-फायवरून येणाऱ्याला नुसता पासवर्ड पुरत होता. गावाची वेस राखली आणि मागचा ओढा मोकळा ठेवला, तसं झालं हे. एमआयडीसीत प्लॉटला प्लॉट लागून असतात. शेजाऱ्याची ढिलाई आपल्या दारात येऊ शकते.

ॲक्सेस पॉइंट छताला लावायच्या आधी टेबलावर घ्यावा. शिडीवर चढल्यावर कुणी नीट सेटिंग करत नाही. आधी निर्मात्याच्या साइटवरून नवं फर्मवेअर टाकावं. मग कंपनीनं दिलेला पासवर्ड बदलावा. २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमनं अशा साठेक सर्वज्ञात नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. टेलनेट बंद करावं, साधं एचटीटीपी बंद करावं. एसएनएमपीची जुनी आवृत्ती 'पब्लिक' या शब्दावर उघडते, तीही बंद. देशाच्या सेटिंगमध्ये भारतच निवडावा. जास्त पॉवर मिळते म्हणून दुसरा देश निवडणं बेकायदा आहे. घड्याळ सर्व्हरशी जुळवावं, त्याचं कारण पुढे येईल.

आणि सर्वांत महत्त्वाचं, ॲक्सेस पॉइंटचं व्यवस्थापनाचं पान रेडिओच्या बाजूनं उघडता कामा नये. ते फक्त तारेवरून, वेगळ्या व्हीलॅनमधून म्हणजे नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यातून, ठरलेल्या संगणकावरूनच दिसावं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सिस्कोनं आपल्या काही औद्योगिक ॲक्सेस पॉइंटमधली एक त्रुटी जाहीर केली. व्यवस्थापनाच्या पानाला रचून केलेली विनंती पाठवली की पासवर्डाशिवाय उपकरणाचा पूर्ण ताबा मिळत होता. तीव्रतेच्या मोजपट्टीवर तिला दहापैकी दहा गुण होते. दुरुस्ती लगेच आली, पण कारखान्यात फर्मवेअर बदलायला शटडाउन लागतो, आणि शटडाउन कधी कधी काही महिन्यांनी येतो. तोवर ज्यांचं पान वेगळ्या वाटेवर होतं त्यांना आधार होता.

एन्क्रिप्शनचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण कारखान्यात इतिहास जिवंत असतो. १९९७ च्या पहिल्या मानकाबरोबर डब्ल्यूईपी आलं. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमिर या तिघांनी त्याच्या मुळातली चूक दाखवली. २००३ साली तात्पुरता उपाय म्हणून डब्ल्यूपीए, २००४ साली डब्ल्यूपीए-२, २०१८ साली डब्ल्यूपीए-३. तरीही २००५ मध्ये अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानसाखळीत चोर शिरले ते मिनेसोटातल्या एका दुकानाच्या डब्ल्यूईपीतून, चूक जगजाहीर झाल्याला चार वर्षं होऊन गेल्यावर. कंपनीच्या हिशेबानं निदान ४ कोटी ५७ लाख कार्डांचे क्रमांक गेले. आपल्याकडे गोदामात पंधरा वर्षं जुना स्कॅनर अजून चालत असतो आणि त्याला जुनंच एन्क्रिप्शन कळतं. त्याच्यासाठी सगळं नेटवर्क जुन्या पातळीवर आणू नये. त्याला वेगळं नाव, वेगळा व्हीलॅन, फक्त एका सर्व्हरपर्यंतची वाट आणि निवृत्तीची तारीख द्यावी.

नेटवर्कचं नाव लपवणं आणि उपकरणांच्या मॅक पत्त्यांची यादी करणं, या दोन उपायांवर फार वेळ घालवू नये. नाव आणि पत्ता दोन्ही हवेत उघडे फिरतात.

डब्ल्यूपीए-२ मध्ये सर्वांना एकच पासवर्ड देण्याची पद्धत असते. जोडणीच्या वेळची देवाणघेवाण कुणी टिपली, तर घरी नेऊन तो निवांतपणे कोट्यवधी शब्द लावून पाहू शकतो. कंपनीचं नाव आणि साल असा पासवर्ड फार वेळ टिकत नाही. ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे, ती वापरावी. डब्ल्यूपीए-३ नं हा घरी नेऊन फोडण्याचा मार्ग बंद केला. पण खरी अडचण पासवर्डाच्या लांबीची नाही. तो सगळ्यांना ठाऊक असतो ही आहे. एजीव्ही बसवणाऱ्या कंपनीच्या मुलाला, एएमसीवाल्याला, गेल्या वर्षी राजीनामा दिलेल्या मेंटेनन्सच्या साहेबांना. तो बदलायचा तर साठ यंत्रं थांबवून साठ ठिकाणी बदलावा लागतो. म्हणून तो बदलला जात नाही.

यावर उत्तर म्हणजे प्रत्येक यंत्राला स्वतःचं प्रमाणपत्र देणं. ८०२.१एक्स आणि ईएपी-टीएलएस ही त्यासाठीची पद्धत. एक यंत्र विकलं, एक लॅपटॉप हरवला, तर तेवढंच प्रमाणपत्र रद्द करता येतं. कारखान्यातले जुने लोक या पद्धतीला नाखूश असतात आणि त्यांची तक्रार खोटी नाही. पूर्ण ओळख पटवायला वेळ लागतो, आणि धावती एजीव्ही एका ॲक्सेस पॉइंटकडून दुसऱ्याकडे जाताना तेवढ्यात यंत्राच्या नियंत्रकाची, म्हणजे पीएलसीची, वाट पाहायची मुदत संपते, गाडी मध्येच उभी राहते. मग कुणीतरी वैतागून सुरक्षा काढून टाकतं. उपाय आहे: २००८ च्या ८०२.११आर मानकानं हे हस्तांतर काही मिलिसेकंदांत आणलं. मात्र गाडीवरच्या रेडिओलाही ते यायला हवं, आणि हे खरेदीच्या वेळी विचारायचं असतं. दुसरं, ओळख पटवणारा सर्व्हर पुण्याच्या हेड ऑफिसात एकटाच ठेवला आणि लाइन गेली, तर कारखाना थांबतो. एक प्रत कारखान्यातच हवी. तिसरं, प्रमाणपत्रांना मुदत असते. ती संपण्याची तारीख मेंटेनन्सच्या कॅलेंडरवर, बेअरिंग बदलण्याच्या तारखेशेजारी लिहावी. आयटीच्या कुणा एकाच्या ईमेलमध्ये ती राहिली, तर रविवारी रात्रपाळीत सगळ्या गाड्या एकदम उभ्या राहतील.

आत आलेल्याला कुठवर जाऊ द्यायचं, हा पुढचा प्रश्न. यंत्रं आपसांत ज्या भाषांत बोलतात त्या फार विश्वासू काळातल्या आहेत. मॉडबस १९७९ ची. तिच्यात पासवर्ड नाही, ओळख नाही. आला हुकूम की वाल्व्ह उघडला. म्हणून ॲक्सेस पॉइंट थेट पीएलसीच्या स्विचला जोडणं म्हणजे नियंत्रण कक्षाची खुर्ची हवेत मांडून ठेवणं. मध्ये फायरवॉल हवा, आणि त्याचे नियम तोकडे हवेत: या एजीव्हीनं आपल्या नियंत्रकाशी या पोर्टवर बोलावं, बाकी काहीही नाही. वायरलेसवरच्या दोन यंत्रांना एकमेकांशी बोलायची गरज नसेल तर तीही वाट बंद. पाहुण्यांचे फोन आणि ऑफिसचे लॅपटॉप यांना यंत्रांच्या नेटवर्कचं नावही मिळू नये. आयईसी ६२४४३ ही मानकमाला हेच सांगते: यंत्रांचे विभाग पाडा आणि विभागांमधल्या वाटा मोजक्या ठेवा.

कितीही केलं तरी एक हल्ला उरतो. हवेत नुसता गोंगाट करून संपर्क तोडता येतो, आणि त्यावर एन्क्रिप्शन काही करू शकत नाही. खोटा 'संपर्क तोडा' संदेश पाठवण्याची सोपी युक्ती मात्र २००९ च्या ८०२.११डब्ल्यूनं अडवता येते. डब्ल्यूपीए-३ मध्ये ते सक्तीचं आहे, डब्ल्यूपीए-२ मध्ये आठवणीनं चालू करावं लागतं. उरलेल्यासाठी यंत्राची रचनाच अशी हवी की संदेश वेळेत आला नाही तर ते सुरक्षित अवस्थेत जावं. प्रोफिसेफसारख्या पद्धती याच तत्त्वावर चालतात. माणसाचा जीव वाय-फाय चालू असण्यावर अवलंबून असेल, तर ती आखणी तिथेच नाकारावी.

घड्याळाचं कारण आता. काही घडलंच, तर नोंदींवरूनच क्रम लावता येतो, आणि प्रत्येक उपकरणाचं घड्याळ वेगळं असेल तर क्रम लागत नाही. ॲक्सेस पॉइंटची स्वतःची स्मृती छोटी असते, वीज गेली की नोंदी जातात, म्हणून त्या सर्व्हरकडे पाठवत राहाव्यात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. मारुचीतही शेवटी एका इंजिनिअरनं रेडिओवरचे संदेश टिपायला सुरुवात केली, तेव्हा कुठे माग लागला.

शेवटचं काम हस्तांतराचं. कमिशनिंग संपलं की कंत्राटदाराच्या लॅपटॉपचं प्रमाणपत्र रद्द करावं, व्यवस्थापनाचे सगळे पासवर्ड नव्यानं घालावेत, सेटिंगची प्रत आपल्या ताब्यात घ्यावी. पॅनेल उघडून पाहावं: दुरून मदत करता यावी म्हणून लावलेला एखादा फोर-जी राउटर आतच राहिलेला असतो आणि फायरवॉलला बगल देऊन थेट बाहेर बोलत असतो. तो काढावा. मग चार चाचण्या घ्याव्यात. कंपाउंडच्या भिंतीलगत बाहेरून चालत सिग्नल मोजावा. लाइन चालू असताना एका ॲक्सेस पॉइंटची वीज काढून गाड्या काय करतात ते पाहावं. शॉपफ्लोअरच्या वाय-फायवरून व्यवस्थापनाचं पान उघडतं का, ते बघावं. एका यंत्राचं प्रमाणपत्र मुद्दाम रद्द करून ते खरंच बाहेर पडतं का, हे तपासावं. या चारही चाचण्या पर्चेस ऑर्डरमध्ये आधीच लिहाव्या लागतात आणि बिलाचा शेवटचा हप्ता त्यांच्याशी बांधावा लागतो. काम झाल्यावर मागितल्या तर त्या कुणी करून देत नाही.